भाच्याची कॉन्टेसा

वाहनांच्या बाबतीत आमचे घराणे फार सावध. वडिलांनी जन्मभर सायकल वापरली, मी एस.टी.चा पास वापरला, आणि रिक्षानेसुद्धा वळण हळूच घेतले पाहिजे असा आमच्या सौभाग्यवतींचा दंडक आहे. अशा घराण्यात माझ्या बहिणीच्या पोटी मोटारी पळवणारा मुलगा जन्माला यावा, याला दैवयोग म्हणावे की अकोल्याच्या उन्हाचा परिणाम, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बहीण अकोल्याला जठारपेठेत राहते, आम्ही अमरावतीला. भाचेबुवा पदविका घेऊन एका वर्कशॉपात नोकरीला लागले आणि पहिल्या शिलकीतून त्यांनी एक जुनी कॉन्टेसा घरी आणली. तरुण वाचकांनी ही गाडी कदाचित पाहिलीही नसेल. हिंदुस्तान मोटर्सची ही गाडी १९८४ साली आली आणि २००२ साली बंद झाली. लांब नाक, रुंद खांदे, चालण्यात ऐट. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम अंगाच्या मोटारीत थोरले इंजिन बसवून 'जीटीओ' नावाची गाडी काढली. तेव्हापासून या जातीला 'मसल कार', म्हणजे पहिलवान मोटार, म्हणू लागले. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी तो मान कॉन्टेसाला दिला. खरे सांगायचे तर पहिल्या कॉन्टेसात इंजिन होते अँबॅसडरच्या घराण्यातले, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे. म्हणजे छाती पहिलवानाची आणि दम कारकुनाचा! पुढे इसुझूचे मोठे इंजिन आले तेव्हा कुठे अंगात बळ भरले. भाच्याची गाडी या दुसऱ्या पिढीतली.

त्याने तिचे स्प्रिंग कडक केले, टायर रुंद बसवले, ब्रेक नवे घातले आणि वजन कमी करायचे म्हणून मागची सीट उपटून गच्चीवर नेऊन ठेवली. बहिणीने एवढेच विचारले, "उद्या तुझ्यासाठी मुलगी बघायला जायचे तर आम्ही बसायचे कुठे?"

इथपर्यंत सगळे हसण्यावारी गेले. मग एका रात्री बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, हा रात्री जेवण झाले की मोटार घेऊन मोठ्या सडकेवर जातो. तू तरी काही सांग."

ती सडक म्हणजे आमची अमरावती-अकोला सडक. वर्षानुवर्षे खड्ड्यांपायी आम्ही तिला शिव्या घातल्या. मग २०२२ च्या जूनमध्ये, ३ ते ७ तारखेच्या दरम्यान, लोणी ते माना या टप्प्यात एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात वऱ्हाडचे नाव लागले. आम्हाला केवढा अभिमान! पण गुळगुळीत सडक म्हाताऱ्यांना झोप आणते आणि पोरांना खाज आणते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

मी शनिवारी अकोल्याला गेलो. चार शब्द सुनवायचे असा बेत होता. भाचा म्हणाला, "मामा, एकदा बसून तर पहा. मग काय बोलायचे ते बोला." रात्री दहाला आम्ही निघालो. मूर्तिजापूर मागे पडले, सडक मोकळी झाली, आणि त्याने गाडी सोडली.

आता कबूल करतो. मला मजा वाटली. काटा शंभराच्या पुढे गेला, एकशे वीसवर आला, आणि रागवायला आलेला हा मामा गप्प बसून राहिला. इतकेच नव्हे, "अजून पळते का रे?" असेही विचारून बसला.

तेवढ्यात समोर काळोखातून काळोखाचाच एक ढीग पुढे आला. कापसाची बंडी. मागे ना दिवा, ना कंदील. भाच्याने ब्रेक दाबले. गाडीचे ढुंगण एका बाजूला फिरले, टायर किंचाळले, आणि आम्ही बंडीपासून दोन हातांवर तिरपे होऊन थांबलो. बंडीवाला खाली उतरला. त्याच्या मागे, कापसावर, पाच-सहा वर्षांची पोर घोंगडी पांघरून झोपलेली होती. ती जागी सुद्धा झाली नाही. बंडीवाला शिव्या देईल असे वाटले होते. त्याने फक्त बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आमच्याकडे न बघता तो पुढे निघाला.

परतताना आम्ही दोघे एक अक्षर बोललो नाही. बहिणीला मी सांगितले, "समजावले आहे त्याला." ते खोटे होते. कोणी कोणाला समजावायचे?

पण पोराच्या अंगातला वेग उपदेशाने उतरत नाही, हे मला त्या रात्री माझ्यावरूनच कळले होते. त्याला जागा द्यावी लागते. जानेवारीत मी त्याला तळेगाव दशासरच्या शंकरपटाला घेऊन गेलो. वऱ्हाडच्या वाचकांना पट सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. शेतात सरळ, सपाट पट्टी आखलेली असते. हलक्या छकड्याला बैलांची जोडी, छकड्यावर एकटा धुरकरी, आणि निकाल घड्याळावर, सेकंदाच्या अपूर्णांकात. वर्षभर बैलाला जपायचे ते या काही सेकंदांसाठी. या खेळाला २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता चाबूक नाही, पराणी नाही, आणि जनावरांच्या डॉक्टरच्या दाखल्याशिवाय जोडी उतरत नाही. बंदीने धुरकऱ्यांना दुखावले खरे, पण नियमाने खेळ सुधारला, हेही तिथलेच लोक सांगतात.

भाचा बैलांपेक्षा त्यांना घेऊन आलेले टेम्पो निरखत होता. त्याने एका म्हाताऱ्या धुरकऱ्याला विचारले, "काका, घरून जोडी पळवतच का नाही आणत?" म्हातारा हसला. म्हणाला, "पटाचा बैल सडकेवर नाई पयवत, भाऊ. सडकेवर खुरं फुटतेत बैलाचे, अन् हाडं फुटतेत मानसाचे."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी पट्टीकडे पाहिले.

पुढचे दोन महिने तो रात्री घरीच होता. चौकशी करून त्याने शोधून काढले की मोटारींचाही पट असतो. त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. इंग्लंडात तो गवताच्या मैदानावर चालतो, अमेरिकेत रिकाम्या वाहनतळांवर आणि जुन्या धावपट्ट्यांवर, आपल्याकडे बहुधा मातीवर. मैदानात शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. एका वेळी एकच मोटार सोडतात. शेजारी कोणी नाही, समोरून कोणी नाही, कापसाची बंडी तर नाहीच. स्पर्धा फक्त घड्याळाशी. शंकू पाडला तर वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात, वाट चुकली तर फेरी बाद. डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर पट्टा असल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. उलट सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली गुन्हा आहे, आणि कारखान्याच्या नोंदीबाहेर फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणणेही कायद्याला मंजूर नाही. म्हणून नाशिककडच्या एका ऑटोक्रॉसला आमची कॉन्टेसा ट्रकवर चढून गेली. अगदी पटाच्या बैलासारखी.

बहीण बरोबर आली होती. पूर्ण फेरीभर तिने डोळे मिटून रामरक्षा म्हटली. मी मात्र नीट पाहिले. सडकेवर शूर वाटलेला आमचा मुलगा तिथे पहिल्याच वळणावर गडबडला. वेगाने आत शिरला, मागची चाके मातीत घसरली, आणि दोन शंकू आडवे. दुसऱ्या फेरीत तो शहाणा झाला. वळणाआधी ब्रेक, वळणात धीर, वळण संपता संपता जोर. हळू शिरणारा लवकर बाहेर पडतो, हे शहाणपण सरळ सडकेवर कुणालाच मिळत नाही. तरीही निकालात नाव खालून तिसरे आले. हलक्या, छोट्या गाड्यांनी आमच्या पहिलवानाला सहज चीत केले.

मला वाटले, पोरगा खट्टू होईल. तो चाकाशी बसून धूळ पुसत होता. म्हणाला, "मामा, घड्याळ खोटे बोलत नाही." मग जरा थांबून, "त्या रात्री मी नशिबावर सुटलो. इथे नशिबाला जागाच ठेवलेली नाही."

आता वर्षातून दोन-तीनदा ट्रक दारात येतो, गाडी जाते आणि धूळ माखून परत येते. एरवी तो आपल्या वडिलांच्या जुन्या स्कूटरवर फिरतो. गेल्या हंगामात मी त्याच्या मागे बसून बोरगाव मंजूकडून येत होतो. वाटेत एक कापसाची बंडी लागली. त्याने स्कूटर थांबवली, डिकीतून लाल चकाकणारी पट्टी काढली आणि बंडीच्या मागच्या फळीला चिकटवून दिली. डिकीत अशा पट्ट्यांचे भेंडोळेच होते. बंडीवाल्याने विचारले, "कितीचे झाले?" तो म्हणाला, "राहू द्या."

त्या रात्रीची गोष्ट बहिणीला आम्ही दोघांनीही आजवर सांगितलेली नाही. हा दिवाळी अंक तिच्या घरी जातो. चकल्या तळून झाल्या की ती तो वाचायला घेईल. भाऊबीजेला मी अकोल्याला जाणार आहे. पाटावर बसवून ती आधी ओवाळते की आधी कान धरते, ते तेव्हाच कळेल.