संगणकाला ताप येतो तेव्हा

घरातलं माणूस तापानं फणफणलं तर काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कपाळाला हात लावायचा, थर्मामीटर काढायचा, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि तरी उतरला नाही तर डॉक्टर गाठायचा. पण टेबलावरचा संगणक तापून बंद पडला, की आपण सरळ हात टेकतो. ‘ते काही आपलं काम नव्हे बाई,’ म्हणून मोकळ्या होतो. यंदाच्या एप्रिलपर्यंत मीही त्यातलीच होते.

मी इथे मालवणात एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. २०२० साली शाळा घरातून भरू लागली, तेव्हा माझ्या भिशीचा नंबर लागला होता. त्या पैशांत हा संगणक घेतला. घरातली बाकी सगळी यंत्रं घराची, हे एक माझं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, कित्येक दिवस वीज नव्हती, खिडकीतून खारं पाणी आत उडत होतं. तेव्हा मी आधी ह्याला चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत नेलं होतं!

तर एप्रिलमध्ये नववीच्या निकालाचे गुण भरत बसले होते. दुपारचे तीन वाजलेले. पंखा घोंघावू लागला, आणि काही कळायच्या आत पडदा काळा. पुन्हा सुरू केला, पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दोन तुकड्यांचे न साठवलेले गुण गेले. मला अक्षरशः रडू फुटायचं बाकी होतं. सासूबाई आतून आल्या, डब्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ह्येका ताप इलो की काय गो?”

सांगायला हरकत नाही, सगळ्यांत अचूक निदान त्यांचंच निघालं. दुरुस्तीवाल्यानं डबा चार दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, “प्रोसेसर गेला. त्याच्याबरोबर मदरबोर्डही बदला. चौदा हजार होतील.” म्हणजे माझी दोन महिन्यांची कमाई. आमचे हे म्हणाले, “जुना झाला आता. मोबाइलवर कर ना काय ते.” निकालपत्रकाचे सत्तावीस रकाने मोबाइलवर! मी काही बोलले नाही, डबा मात्र परत आणला. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याला रात्री व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, “मावशी, प्रोसेसर सहसा जात नाही. तो तापला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. उष्णता बाहेर का पडत नाही, ते आधी बघ.”

आपण ज्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतो तो नुसता डबा. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतात. खरा प्रोसेसर आत असतो, आणि त्यातला काम करणारा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. पूर्ण जोरात चालताना साध्या घरगुती प्रोसेसरमधून साधारण ६५ वॅट उष्णता निघते. जुना साठचा पिवळा बल्ब आठवा, हात लागला की चटका बसायचा. तेवढी आंच एका नखातून! म्हणून त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवतात, त्याला हीट सिंक म्हणतात, आणि त्यावर छोटा पंखा. दोघांच्या मध्ये राखाडी मलमासारखी थर्मल पेस्ट लावतात. कारण डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंमध्येही बारीक फटी असतात, त्यांत हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. कपाळावरच्या ओल्या पट्टीला सुरकुती पडली तर ती पट्टी काय कामाची? तसंच हे. ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मान टाकतो. तेव्हा संगणक नुसता मंद झाला असला, तरी एकदा ताप पाहावा.

ताप पाहायला वेगळा थर्मामीटर लागत नाही, तो आतच असतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबत राहिलं की बायोसचा पडदा येतो. त्यात प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. काही न करता चाळीस-पन्नास अंश, भरपूर कामात साठ ते ऐंशी, हे चालण्यासारखं. माझ्या पडद्यावर ७८ होते आणि आकडा डोळ्यांदेखत चढत ९१ वर गेला.

भाच्यानं सांगितलेली एक खूण मला फार उपयोगी वाटली. सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत आकडा नव्वदीला गेला, तर पंखा बंद आहे, पेस्ट वाळली आहे किंवा ठोकळा नीट टेकलेला नाही. अर्ध्या-पाऊण तासानं हळूहळू चढला, तर धूळ किंवा कोंदट जागा. डब्याची बाजूची झडप काढून ठेवल्यावर आकडा दहा-बारा अंशांनी उतरला, तर आत हवा खेळत नाही असं समजावं. आणि तापमान ठीक असतानाच बंद पडत असेल, तर दोष प्रोसेसरच्या तापाचा नाही. वीज पुरवणारी पेटी किंवा घरातली वीज तपासावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर डबा उघडायला बसले. वायर भिंतीतून काढली, पाच मिनिटं तसाच ठेवला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि झडप काढली. आत जे दिसलं ते बघून मी कपाळावर हात मारला! पात्यांच्या मध्ये जांभ्याची तांबडी धूळ, तीसुद्धा मोकळी नव्हे, लिंपल्यासारखी घट्ट बसलेली.

आता हे आपल्या किनाऱ्याचंच खास दुखणं, म्हणून जरा थांबून सांगते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आपल्याला ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. खडेमीठ त्याच्याही आधी, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात हेच मीठ असतं. ते पंख्यानं आत ओढलं, धुळीत बसलं, ओलं झालं, पुन्हा वाळलं, की त्याचा गिलावा होतो. शिवाय माझं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी. मासे तळतानाची तेलकट वाफ वर्षानुवर्षं त्याच्यावर. फुंकर मारून हे निघत नाही. ‘कोकणात उकडतंच, संगणक तापणारच,’ असं मात्र कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपल्याला उकडतं ते घाम वाळत नाही म्हणून. संगणकाला घाम कुठे येतो? त्याला हवेच्या तापमानाशी मतलब. मे महिन्यात आपल्याकडे पारा ३४ च्या आसपास, नागपूरला ४५ पर्यंत जातो, आणि तिथेही संगणक चालतात.

कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशनं मी पाती साफ केली. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं; ब्लोअरच्या वाऱ्यानं ते गरगर फिरलं तर पंखा बिघडू शकतो. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्यानं स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर नकोच.

साफ करता करता खरा चोर सापडला. आमच्या ठोकळ्याला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चार काळ्या खुंट्या आहेत. त्यातली एक वर आलेली होती! दसऱ्याला टेबल हलवताना डबा आपटला होता, तेव्हाच सुटली असावी. म्हणजे ठोकळा एका बाजूनं उचललेला, वाकड्या तव्यावरच्या घावनासारखी गत: इथे करपतंय, तिथे कच्चं. चौदा हजारांचं दुखणं ते एवढंच.

खुंटी नुसती दाबून भागलं नसतं, कारण पेस्ट वाळून भाताच्या खरपुडीसारखी झाली होती. ठोकळा काढला. औषधांच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते सुती कापडाला लावून दोन्ही बाजू लख्ख पुसल्या. थर्मल पेस्टची छोटी सिरिंज कुडाळहून मागवली, दोनशे रुपयांच्या आतच आली. लावायची ती वाटाण्याच्या बारीक दाण्याएवढी, मधोमध. आपल्याला सवय लोणी सढळ हातानं लावायची, पण इथे जास्त लावून उपयोग नाही. मग खुंट्या कोनासमोरचा कोन अशा क्रमानं दाबल्या, खाटेची नवार आवळतो तशा, चारही ‘टक्’ वाजेपर्यंत. आमचा प्रोसेसर इंटेलचा आहे. एएमडीच्या एएम-फोर जातीच्या प्रोसेसरला खाली बारीक पाय असतात आणि ठोकळा ओढला तर तो चिकटून उपटून येऊ शकतो. तो आधी थोडा वेळ चालवून गरम करावा, मग बंद करून, वायर काढून, ठोकळा हलके फिरवत सोडवावा. छाती होत नसेल तर हे काम माहितगाराकडून समोर बसून करून घ्यावं. आणि वीजपुरवठ्याची पेटी कुणीही घरी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते.

संध्याकाळी बायोसमध्ये ४६ अंश! निकालपत्रक पुरं होईपर्यंत ६५ च्या वर गेला नाही.

उष्णतेचं हे दुखणं संगणकाइतकंच जुनं आहे, हे मला नंतर कळलं. १९४६ साली अमेरिकेत उभा राहिलेला एनिअ‍ॅक सुमारे १५० किलोवॅट वीज खायचा. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला, त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओतले तेच, तापून लाल होणारे. त्या मानानं आपला एक नखाचा तुकडा म्हणजे काय मोठंसं!

आता आगोटीच्या कामांत मी संगणकही धरला आहे. मिरची-मसाले झाले, झडपी बांधून झाल्या की डबा उघडून झाडायचा, आणि पुन्हा दिवाळीत. टेबल स्वयंपाकघराच्या दारापासून हलवलं. डब्याची पाठ भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज अर्धा तास चालू ठेवते. आतली ऊब दमट हवा कोरडी करते.

आणि एक कबुली. डब्यावर मी हौसेनं भरतकामाचं कव्हर घातलं होतं, मोराचं, तीन बाजूंनी झालर लावलेलं. संगणक चालू असतानाही ते अंगावर असायचं, सगळी भोकं बंद करून. ते कव्हर आता मिक्सरला घातलं आहे. तेही मिक्सर बंद असतानाच.