नांदगावची माती कुठवर जाते?

सप्टेंबर २०२१ मध्ये शाकंबरी आणि लेंडी या नद्यांचं पाणी नांदगाव शहरात शिरलं. आदल्याच आठवड्यात चाळीसगाव बुडालं होतं. पाणी ओसरलं, चिखल उरला. पंचनामे नुकसानीचे झाले. तो चिखल कुणाच्या रानातून आला, याला पंचनाम्यात रकाना नसतो.

तालुका अवर्षणाचा. पाऊस थोडा, पण येतो तो धो-धो. सातमाळा डोंगररांगेच्या उतारावरचं गवत चराईनं खुरटलेलं, पायथ्याची रानं मृगाच्या तोंडावर नांगरून उघडी. अशा वेळी पहिल्याच मोठ्या सरीला माती सुटते. वाळू-गोटे नाल्याच्या तळाशी थांबतात. काळ्या रानातली चिकणमाती इतकी बारीक, की ती पाण्यात तरंगत लांब जाते आणि कांद्या-मक्याला घातलेल्या खतातलं फॉस्फरस अंगाला चिकटवून नेते. नायट्रेट तर पाण्यात विरघळूनच जातं.

तालुक्यातली पांझण गिरणेला मिळते, गिरणा तापीला आणि तापी खंभातच्या आखाताला. त्याआधी वरच्या अंगाला मालेगावात मोसम नदी शहराचं सांडपाणी गिरणेत आणून सोडते. मग नांदगाव तालुक्यातच गिरणा धरण लागतं. १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता साडेएकवीस टीएमसी. संथ पाण्यात गाळ बसतो आणि दरवर्षी थोडी जागा खातो. उन्हाळ्यात पाणी हटलं की त्याच सुपीक गाळावर गाळपेर होते. पीक झकास येतं, यात वाद नाही. पण जमीन पुन्हा सैल होते आणि उरलेलं खत पुढच्या भरतीत थेट जलाशयात.

ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज मांडला होता: वर्षाला ५३३ कोटी टन माती जागची हलते. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते. उरलेली इथून उठून तिथे पडते. तापीवर तर १९७२ पासून उकाई धरण उभं आहे. भरड गाळ तिथवरच अडतो, बारीक माती आणि विरघळलेली खतं पुढे सरकतात. किनाऱ्याला हवी ती वाळू मिळत नाही, नको ते पोचतं. खंभातचं आखात भरती-ओहोटीच्या जोरानं मुळातच गढूळ, त्यामुळे तिथल्या प्रत्येक गढूळपणाचा दोष नांदगावला देणं मात्र अन्यायाचं. इकडे गिरणेच्या पात्रातली वाळू ट्रॅक्टरनं जाते, काठ ढासळतात, ती माती वेगळीच.

२०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आली. योजना वाईट नाही. शेतकऱ्याला माती मिळते, तलावाला जागा. पण डोंगर उघडा ठेवून तलाव उपसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, राखलेलं कुरण यांचे फोटो उद्घाटनात चांगले येत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. यंदा ग्रामसभेत गाळ काढायचा ठराव आला, तर वरच्या उतारावर किती चर खोदणार आणि किती रान चराईपासून राखणार, हे त्याच ठरावात लिहून घ्या.