आवा, भट्टी आणि भाजलेल्या मातीची साक्ष

कुंभाराचा ‘आवा’ हा शब्द संस्कृत ‘आपाक’ शब्दापासून प्राकृतद्वारां मराठींत उतरला. शब्दाची व्युत्पत्ति आम्ही आवडीनें पाहतों; पण ज्या वस्तूचा तो वाचक, तिच्याकडे आमच्या संग्राहकांचें लक्ष क्वचितच जातें. नक्षीदार खापर घरीं येतें, आणि ज्या भट्टींत तें भाजलें तिच्या भिंतीचा करपलेला तुकडा जागच्या जागीं टाकला जातो. हा व्यवहार किती तोट्याचा आहे, हें येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

नाशकांत गोदातीरीं ‘मातीची गढी’ म्हणून जें टेकाड आहे, तेथें १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. त्याच सुमारास प्रवराकांठीं जोर्वे येथेंही खोदकाम झालें, व तेथील तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांस त्या गांवाचेंच नांव पडलें. त्यांचा काळ स्थूलमानानें इ. स. पूर्वीं १४०० ते ७०० असा धरतात. हीं भांडीं टिचकी मारतां धातूसारखीं वाजतात. नादावरून भाजणी चांगली झाली एवढें कळतें. ती किती अंशांवर झाली, हें मात्र प्रयोगशाळाच सांगूं शकते.

तिची एक रीत अशी. खापराचा तुकडा हळूहळू पुन्हां तापवितात. मूळ भाजणीच्या उष्णतेपर्यंत तो प्रसरण पावतो; ती मर्यादा ओलांडली कीं आकसूं लागतो. दुसरी खूण चुन्याची. मातींतील चुनखडी सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडला विघटित होते. ती शाबूत असल्यास भाजणी त्याखालीं थांबली असें अनुमान निघतें. परंतु आपल्याकडील जमिनींत चुनखडी विपुल असून ती पाण्याबरोबर खापरांत मागाहून शिरते, म्हणून हें अनुमान जपून करावें. रंगाचें कारण लोह होय : खेळती हवा मिळाली तर खापर तांबडें होतें, कोंडलें तर काळें.

आव्याची जमीन याहून बोलकी असते. तापलेली माती निवतांना तींतील लोहकणांचें चुंबकत्व त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेप्रमाणें वळून तसेंच स्थिर होतें. ही दिशा मोजून भट्टी शेवटीं केव्हां निवाली तें ठरवितां येतें. मात्र जमीन मूळ जागीं असली पाहिजे. हललेली वीट म्हणजे पुष्पिकेचें पान फाटलेली पोथी. खापराच्या तापदीप्तीवरून काळ काढावयाचा तर भोंवतालची मातीही नमुन्यास लागते, कारण तिच्यांतील किरणोत्साराचा हिशेब करावा लागतो. खत म्हणून पांढरीची माती गाड्या भरभरून शेतांत नेण्याची आपल्याकडील जुनी चाल या दृष्टीनें फार घातक ठरली आहे.

काचेविषयीं एक इशारा. आव्याच्या भिंतीवर अति तापानें काचेसारखा लुकण चढतो, विटांचे खंगर होतात. असा तुकडा सांपडला म्हणून तेथें काचेचा कारखाना होता असें ठरत नाहीं. त्यास मूषांचे तुकडे, कच्च्या काचेचे गोळे, अर्धवट मणी यांची साक्ष हवी. प्राचीन ग्रंथांत ‘काच’ शब्द अनेक ठिकाणीं येतो, पण शब्दावरून भट्टी सिद्ध होत नाहीं. उत्तरप्रदेशांतील कोपिया येथें असे अवशेष मिळाले आहेत. रासायनिक पृथक्करणानें आणखी एक भेद कळतो. भूमध्यसमुद्राकडील रोमन काळच्या काचेंत अल्युमिनाचें प्रमाण साधारण शेंकडा २ ते ३ असतें; भारतांत सोडाखारापासून केलेल्या काचेच्या एका मोठ्या वर्गांत तें शेंकडा ५ हून अधिक भरतें. तेव्हां सातवाहनकालीन थरांतील निळा मणी हातीं आला कीं केवळ रंगावरून त्यास ‘रोमक’ अशी चिठ्ठी लावण्याची घाई करूं नये. आधीं त्याचें पृथक्करण करून घ्यावें, आणि तो कोणत्या थरांत, कोणत्या मातींत सांपडला, तें त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवावें.