गच्चीवरची भाजी परवडते का?

काल लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढा खटाटोप करून भाजी कितीची निघते गं?"

पैशांचा हिशेब मांडला तर मंडईतली जुडीच स्वस्त! मग शहरातली नोकरदार माणसं या फंदात का पडतात?

माझ्या मते बऱ्याच जणांची सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी शेती फुलवली, तीही रोजच्या ओल्या कचऱ्याचं करायचं काय, या प्रश्नातून. शिवाय पालेभाजीवर काय फवारलंय, ही धास्ती असतेच.

माझी पद्धत सांगते. भोकांचा प्लास्टिकचा क्रेट, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर रसवंतीवाल्याकडची चिपाडं नि सुका पाला, त्यावर कंपोस्ट. माती मूठभरच, म्हणजे स्लॅबवर ओझं नाही. (चिपाडं आधी उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्या ठाण मांडतात.) पाला कुजून थर खाली बसला की वरून पुन्हा भर घालायची.

मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. टोमॅटोला मात्र पाच-सहा तास ऊन हवंच. उत्तरेच्या बाल्कनीत तो हट्ट नको, तिथे पुदिना लावा.

तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे? कमेंटमध्ये लिहा, काय लावता येईल ते सांगते.