मेडिक्लेमची मुदत टळली तर...

समाजातील एक कापड व्यापारी गेल्या माघात कुटुंबासह सम्मेदशिखरजीच्या यात्रेस गेले होते. वंदना करून पर्वत उतरताना त्यांच्या छातीत कळ आली. धनबादच्या रुग्णालयात पाच दिवस उपचार झाले, बिल स्वतः भागवले आणि मंडळी गावी परतली. पुढे मार्चअखेरीची धांदल. डिस्चार्जला ५२ दिवस झाल्यावर थोरले चिरंजीव माझ्याकडे आले, तेही दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाले, “काका, मेडिक्लेम होता, पण मुदत टळली. पावणेदोन लाख बुडीत खाती धरले.”

उधारीची चिठ्ठीन् चिठ्ठी जपणाऱ्या घरात हे घडावे, याचे मला नवल वाटले.

पॉलिसीत मुदती दोन असतात: एक कळवण्याची, दुसरी कागदपत्रे देण्याची. आरोग्य संजीवनी ही सर्व कंपन्यांकडे सारख्या अटींवर मिळणारी पॉलिसी घ्या. तातडीने दाखल व्हावे लागले तर २४ तासांच्या आत, ठरवून दाखल व्हायचे असल्यास किमान ४८ तास आधी कळवावे लागते. रुग्णाच्या वतीने मुनीमजींनी कळवले तरी चालते. रुग्णालयातील खर्चाची कागदपत्रे डिस्चार्जपासून ३० दिवसांत, तर घरी आल्यानंतरच्या औषधोपचारांची ते उपचार संपल्यापासून १५ दिवसांत द्यायची असतात. आपल्या पॉलिसीतील आकडे निराळे असू शकतात.

मात्र मुदत टळली म्हणजे हक्क संपला, असे नव्हे. विमा नियामक इर्डाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाद्वारे कंपन्यांना बजावले आहे की, विलंबाचे कारण अपरिहार्य असेल तर केवळ विलंबावर बोट ठेवून खरा दावा नाकारू नये. वाहनचोरीच्या एका दाव्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

आता कारण लिहायचे. आईही आजारी होती असे लिहावे, असे चिरंजीवांच्या मनात होते. मी साफ नकार दिला. लबाडी उघड झाली तर खरा दावाही जातो. शिवाय अणुव्रते पाळणाऱ्या वडिलांच्या सहीने असत्य लिहायचे? खरी कारणे शोधली तेव्हा ती पुरेशी निघाली. वडिलांना तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितल्याचे येथील डॉक्टरांचे पत्र होते. रुग्णालयाचे सविस्तर बिल टपालाने २० मार्चला आले. पाकिटावर शिक्का होता. परगावी पॉलिसीचे कागद जवळ नव्हते, म्हणून वेळेत कळवले नाही. उरलेले दिवस वर्षअखेरीच्या हिशेबात गेले, तेही तसेच लिहिले. एक पानाचे खुलासापत्र. तारखा क्रमाने, पुरावे जोडून.

कंपनीने प्रथम एका ओळीत दावा नाकारला. मग तक्रार निवारण अधिकाऱ्यास परिपत्रकाचा हवाला देऊन पत्र धाडले. दीड महिन्याने हातमोजे वगैरे किरकोळ रकमा वजा होऊन पैसे जमा झाले. नकार कायम राहता किंवा महिनाभर उत्तरच न येते, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता आले असते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

एक चूक मात्र माझ्याही नजरेतून सुटली. मूळ कागद देण्यापूर्वी आम्ही संपूर्ण संचाची झेरॉक्स काढली नाही. औषधांची एक पावती कंपनीकडे गहाळ झाली, आणि तिचे तीन हजार रुपये अद्याप अडकलेले आहेत.