संकेतस्थळ उभारताना : वडनेर भोलजी येथील एक अनुभव

मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, मुंबई-कोलकाता महामार्गावर आमचे वडनेर भोलजी वसले आहे. येथे माझे चिकित्सालय असून त्यास लागूनच छोटे औषधालय आहे. महामार्गावरून येणारा रुग्ण पाटी पाहून थांबतो. परंतु आता पाटीच्याही आधी तो भ्रमणध्वनीवर शोध घेतो. हे ध्यानात आल्यावर काही वर्षांपूर्वी शहरातील एका व्यावसायिकाकडून मी संकेतस्थळ करून घेतले. ‘महिन्याभरात पहिल्या क्रमांकावर आणतो’, असे त्याचे आश्वासन होते. मजकूर वाचून पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, ही चूक सर्वस्वी माझी.

एके दिवशी दुपारी परजिल्ह्यातून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. आमच्या संकेतस्थळावर ‘मधुमेह समूळ बरा’ असे वाचून त्यांच्या वडिलांनी चालू गोळ्या आठ दिवसांपासून बंद केल्या होत्या आणि आता त्यांना ग्लानी येत होती. वडिलांना तत्काळ त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेण्यास मी सांगितले. सुदैवाने पुढील अनर्थ टळला. नंतर पाहतो तो काय, ते वाक्य कोठून तरी जसेच्या तसे उचललेले, आणि त्याखाली माझे नाव व नोंदणी क्रमांक! औषधे व जादूटोणासदृश उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, स्थूलता असे विकार नमूद आहेत आणि ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेण्यास कोणत्याही व्यक्तीस मनाई आहे. औषधालयाच्या मालकांनीही हे विसरू नये. त्याच सायंकाळी मी ते संकेतस्थळ बंद केले.

नवे संकेतस्थळ करताना प्रथम शोधयंत्राचे कार्य समजून घेतले. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गुगलची स्थापना केली. त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी एक साधी कल्पना होती : ज्या पानाचा हवाला इतर वजनदार पाने देतात, ते पान वजनदार. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. चरकावर चक्रपाणीने आणि सुश्रुतावर डल्हणाने टीका लिहिली. ज्या वचनाचा आधार पुढील आचार्य घेत जातात, त्याचे गौरव वाढते. अर्थात खोटे हवालेही विकत मिळू लागले, आणि २०१२ च्या ‘पेंग्विन’ सुधारणेने गुगलने अशा पानांना मागे ढकलले. त्याआधी २०११ च्या ‘पांडा’ सुधारणेचा रोख निकस व उसन्या मजकुराकडे होता. पानाच्या अदृश्य भागात शब्दांची जंत्री भरण्यासाठी आजही काही जण पैसे घेतात. ती जंत्री क्रमवारीसाठी विचारात घेत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

गुगलच्या परीक्षकांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेत आरोग्यविषयक पानांना अधिक कठोर निकष लावले जातात. लेखक कोण, त्याची पात्रता काय, त्याला विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे काय, हे तेथे पाहिले जाते. यातील ‘अनुभव’ हा निकष डिसेंबर २०२२ मध्ये जोडला गेला. परीक्षकाच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रम थेट बदलत नाही, परंतु यंत्राने काय ओळखावे याची दिशा त्यातून कळते. आप्ताचे लक्षण आपण प्रथम वर्षातच शिकलो आहोत.

आता भाषेकडे येतो, कारण खरे काम तेथेच झाले. जुन्या संकेतस्थळावरील माझे दोन लेख छपाईच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित करून चित्ररूपाने चढवलेले होते. माणसाला ते मराठी दिसे. यंत्राला त्यातील अक्षरे नीट लाभत नव्हती. म्हणून सर्व मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित केला. तरीही अडचण उरलीच. मी लिहिले होते ‘अर्श’, ‘मूत्राश्मरी’, ‘दद्रू’, ‘शीतपित्त’, ‘कामला’. रुग्ण शोधतो ‘मूळव्याध’, ‘मूतखडा’, ‘गजकर्ण’ किंवा ‘नायटा’, ‘अंगावर पित्त उठणे’, ‘कावीळ’. माझी पाने शास्त्रशुद्ध होती आणि विचारणाऱ्याच्या तोंडचा एकही शब्द त्यांत नव्हता!

आपल्या निघंटुकारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. गुडूचीला अमृता म्हटले, छिन्नरुहा म्हटले. कोणत्याही नावाने येणारा वैद्य त्याच वनस्पतीपाशी पोहोचावा. मीही तीच रीत धरली. चिकित्सालयात एक वही ठेवली आणि महिनाभर रुग्ण आपली तक्रार ज्या शब्दांत सांगतात ते शब्द तसेच टिपून घेतले. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यातून येणारी माणसे पाण्याविषयी हटकून विचारतात : ‘खाऱ्या पाण्यानं खडा होतो का?’ हाच प्रश्न एका पानाचा मथळा झाला. खाली काय ठाऊक आहे, काय निश्चित सांगता येत नाही आणि ताप किंवा लघवीतून रक्त असल्यास घरगुती उपायात वेळ न दवडता रुग्णालय का गाठावे, ते स्वतः लिहिले. दहा उसन्या पानांपेक्षा असे एक पान लिहिण्यास अधिक वेळ लागला, हे मान्य केले पाहिजे.

गावाच्या नावानेही चांगलीच परीक्षा घेतली. नाशिक जिल्ह्यात वडनेर भैरव आहे, वर्धा जिल्ह्यातही एक वडनेर आहे. नुसते ‘वडनेर’ लिहिल्यास आपला रुग्ण चांदवड तालुक्यात जाऊन पोहोचायचा. शिवाय रोमन लिपीत कोणी आरंभी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’. म्हणून प्रत्येक पानावर गाव, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा असा पूर्ण पत्ता घातला आणि गुगलच्या नकाशावरील विनामूल्य व्यवसाय-नोंदीत अक्षरशः तोच ठेवला. औषधालयवाल्यांनी तर एवढे एकच काम आधी करावे : दुकानाची वेळ, सुटीचा वार आणि उपलब्ध कल्पांची नावे साध्या मजकुरात द्यावीत. वासावलेह कोठे मिळेल हे शोधणाऱ्याला दुकानाच्या मालकाचे हार घातलेले छायाचित्र उपयोगाचे नाही.

मधुमेहाचे पान नव्या संकेतस्थळावरही आहे. त्यातील पहिलेच वाक्य चालू औषधे परस्पर बंद करू नयेत असे आहे. ‘समूळ’ म्हणणाऱ्या पानांच्या ते अजून मागेच असते. मूतखड्याचे पान मात्र आमच्या पंचक्रोशीतून शोधणाऱ्यांना दिसू लागले आहे. येताना सोनोग्राफीचा अहवाल आणावा, असे मी त्यात शेवटी लिहिले होते. गेल्या पंधरवड्यात जळगाव जामोदकडचे एक शेतकरी आले, बसण्याआधीच त्यांनी पिशवीतून अहवाल काढून टेबलावर ठेवला.