भूमी कोणासाठी?

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव लोहमार्गाच्या मंजुरीची घोषणा ९ जानेवारी २०१९ रोजी करण्यात आली. आई भवानीच्या भक्तांची सोय होणार, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आगगाडीच्या आधी जमिनीचा भाव धावू लागतो, हा सर्वत्रचा अनुभव होय. ज्यास येथे राहावयाचे नाही, तो भूखंडास कुंपण घालून भाववाढीची वाट पाहतो. आणि देवळाबाहेर परडी व कवड्यांच्या माळा विकून पोट भरणाऱ्यास घराची आशाच सोडावी लागते. २०१५ ची पंतप्रधान आवास योजना घर बांधावयास अनुदान देते. पण त्यासाठी स्वतःची जागा हवी! ती बेघराने आणावी कोठून?

१९९३ च्या भूकंपानंतर याच जिल्ह्यात सरकारने जमीन मिळवून सबंध गावे नव्याने वसविली. आपत्तीनंतर जे साधले, ते आपत्तीवाचून अशक्य का मानावे? रिकाम्या भूखंडांवर चढता कर बसवावा आणि नव्या स्थानकांच्या परिसरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जमीन राखून ठेवावी, अशी शासनास व नगरपरिषदांस आमची स्पष्ट सूचना आहे. देवीच्या दारी परगावच्या भक्तास जागा आहे. तिच्या गावी गावकऱ्यासच नसावी काय?